पिशव्यांपाशी कोण बसणार?

(जालना जिल्ह्यातील महिला गटांच्या मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेताना थोडी काटछाट केली आहे.)

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘मुलाबाळांसह सहल : नियोजन’ असं छापलंय. जेवणाच्या सुट्टीत दोघीतिघींनी मला गाठून विचारलं, ‘ताई, सकाळी पोटगीवर बोलणं झालं, ठाण्यात तक्रार लिहून घेत नाहीत त्यावर झालं, आणि आता हे सहलीचं काय मधेच?’ विचारणं रास्त आहे. आपल्या चळवळीत मौजमजेचा विषय निघाला की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. मार खाऊन आलेली बाई समोर बसलेली असताना सहलीच्या गप्पा कशा मारायच्या, असं वाटतं. पण आमच्या गटात मी एक गोष्ट पाहत आले आहे. घरात तुला काय किंमत आहे असं विचारलं तर बाई सांगत नाही, ‘आमचं सगळं चांगलंय’ म्हणते. तिला एवढंच विचारा, की सुट्टीत कुठं गेला होतात आणि तू काय काय पाहिलंस? दहा मिनिटांत सगळं घर समोर उभं राहतं. पैसा कोणाच्या हातात, परवानगी कोणाची, कोणाचं दुखणं दुखणं म्हणून धरलं जातं, मुलीला किती मोकळीक, सगळं कळतं.

तर आज मी एकाच ठिकाणच्या सहलीबद्दल बोलणार आहे. लोणारच्या.

लोणार आपल्याला जवळ. जालन्याहून नव्वदेक किलोमीटर. मंठ्यावरून जा, नाहीतर सिंदखेडराजावरून. शाळांच्या सहली जातात, नवरात्रात कमळजा देवीला लोक जातात, पाहुणे आले की त्यांना दाखवायला नेतात. आमच्या गटाच्या एका बैठकीत मी विचारलं, लोणार कोणी कोणी पाहिलंय? भराभर हात वर झाले. मग विचारलं, खाली पाण्यापर्यंत कोण कोण उतरलं होतं? हात खाली यायला लागले. शेवटी चार-दोन राहिले ते लग्नाआधी शाळेच्या सहलीत गेलेल्यांचे. बाकीच्या कुठं होत्या? वर, काठावर, पिशव्यांपाशी. कोणाच्या मांडीवर तान्हं होतं, कोणाच्या शेजारी गुडघे धरलेल्या सासूबाई होत्या, कोणी ‘तुमचं होईस्तोवर मी डबे लावून ठेवते’ म्हणून थांबली होती. माझी नणंद दोनदा जाऊन आलीय. पाण्याचा रंग तिनं वरून पाहिलाय. जवळ गेलं की त्या पाण्याला कसा उग्र वास येतो, हे मात्र तिला मी सांगितलं तेव्हा कळलं.

ज्यांनी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आकाशातून येऊन आदळलेल्या उल्केनं आपल्या काळ्या बेसॉल्ट खडकात पाडलेला हा खड्डा आहे. तोंड जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद, आणि काठापासून सुमारे १३७ मीटर खाली पाणी. वरून पुरी फेरी मारायची तर सहा किलोमीटरच्या आसपास चालावं लागतं. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. पुढं दीडशे वर्षं हा ज्वालामुखीचा खड्डा की आणखी कशाचा यावर वाद चालला. १९७३ मध्ये खडकांच्या तपासणीवरून आघाताचा पुरावा प्रसिद्ध झाला, तेव्हा तो मिटला. वयाबद्दल अजून ताळमेळ नाही. एका पद्धतीनं मोजलं तर सुमारे ५२,००० वर्षं येतं, आणि २०११ मध्ये दुसऱ्या पद्धतीनं मोजलं ते सुमारे ५,७०,००० वर्षं आलं. मुलांना हे जरूर सांगा. मोठ्या माणसांचंही एकमत होत नाही, आणि तरी ती एकमेकांशी भांडण न करता मोजत राहतात, हे मुलांनी ऐकलेलं बरं.

पाणी खारट आणि त्याहून जास्त क्षारयुक्त. पूर्वी त्यात मासे नव्हते. आता या क्षारांची एक गोष्ट मला फार आवडते. इथून निघणाऱ्या निरनिराळ्या क्षारांना पूर्वी वेगवेगळी नावं होती, दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी. ‘ऐने-अकबरी’ हा अकबराच्या काळचा ग्रंथ. त्यातही लोणारजवळ काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ मिळतात अशी नोंद आहे. काच म्हणजे बांगड्या आल्या, साबण म्हणजे धुणं आलं आणि पापडखार म्हणजे पापड. म्हणजे बघा, हे सरोवर शेकडो वर्षं बायकांच्या हातातून आणि हाताखालून जात होतं. पण सरोवर बघायला जायचं म्हटलं की ती बाई काठावर बसलेली.

तिथली दंतकथाही ऐकून ठेवा. लवणासुर नावाचा राक्षस जमिनीखाली दडून राहायचा. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, राक्षसाच्या दोन बहिणींना भुलवलं, त्यांच्याकडून भावाचा ठावठिकाणा काढून घेतला, आणि पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवून राक्षसाला मारलं. झाकण दूर ढाकेफळला जाऊन पडलं म्हणतात. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ या कथेचं. देऊळ सुंदर आहे, कोरीवकाम डोळे फिरवून टाकणारं, मुलांना तास-दीड तास तरी तिथं द्या. माझ्या मुलीनं कथा ऐकून विचारलं, ‘मग त्या बहिणींचं काय झालं?’ तिथल्या कोणालाच ते सांगता येईना. झाकण कुठं पडलं ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

असो. आता मुद्द्याकडे येते.

‘चला, या सुट्टीत लोणारला जाऊ’ असं घरातला पुरुष म्हणतो आणि गाडी ठरवतो. त्याच्या मते सहल त्यानं काढली. त्या वाक्यापासून गाडी सुटेपर्यंत मधे काय काय होतं ते आपल्याला माहीत आहे. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. लहान्याला गाडी लागते म्हणून लिंबू आणि आवळासुपारी. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या. दूधवाल्याला सांगायचं, तुळशीला पाणी शेजारणीनं घालायचं, गॅस बंद, नळ बंद. पोरांचे जास्तीचे कपडे, ओलं झालं तर लागतील म्हणून टॉवेल, सतरंजी, वर्तमानपत्राचे कागद. आणि हे सगळं डोक्यात एकाच वेळी धरून ठेवायचं. २०१९ मध्ये सरकारनं देशभर वेळवापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. लक्षात घ्या, हे ९७ घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांचे आहेत. अजिबात हात न लावणारे यात धरलेलेच नाहीत. तरी यात हातानं केलेलं काम आलं. ‘गोळ्या घेतल्या का?’ हे रात्री दोन वाजता आठवून उठण्याचं काम कोणत्या मिनिटात मोजणार?

आमच्या घरी आम्ही काय केलं ते सांगते. जुन्या कालदर्शिकेचं एक पान उलटं करून भिंतीला लावलं आणि आठ दिवस ज्याला जे आठवेल ते काम त्यावर लिहायचं ठरवलं. सुरुवातीला सगळं माझ्याच अक्षरात होतं. चौथ्या दिवशी मुलानं खाली लिहिलं, ‘दुर्बीण, मामाकडून’. मग मुलीनं लिहिलं, ‘पक्ष्यांची वही’. शेवटी त्रेचाळीस कामं झाली. नवरा पानासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘एवढं असतं?’ मला त्यावर बरंच बोलता आलं असतं, पण मी त्याच्या हातात पेन दिलं. ज्यानं त्यानं आपल्या नावाचं आद्याक्षर समोर लिहायचं. सासूबाईंना हे पटलं नव्हतं. ‘बाप्यांना काय यादी देतेस, त्यांना जमतं का ते,’ असं त्यांचं म्हणणं. पण दोन दिवसांनी त्यांनीच मुलाला हाक मारून विचारलं, ‘तुझ्या वाटणीचं झालं का रे?’

बारा वर्षांचा मुलगा स्वतःची पिशवी स्वतः भरणार हे त्यात ठरलं होतं. तो टॉवेल विसरला. धारेवर आंघोळ झाल्यावर त्यानं शर्टानं अंग पुसलं आणि तोच ओला शर्ट घालून दिवसभर फिरला. त्याला काही झालं नाही. आपल्यातल्या पुष्कळजणींना ‘राहू दे, मीच भरते’ म्हणायची घाई असते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसरी गोष्ट पायातली. मुलांना खेळाचे बूट असतात, शाळेनं घ्यायलाच लावलेले असतात. नवऱ्याला बूट असतात. आपल्या पायात चप्पल, त्यातही सणासुदीची, कारण बाहेर जायचं. लोणारची उतरण अवघड नाही, पण सगळीकडे पायऱ्या नाहीत. सुटे दगड आहेत, झाडोरा आहे. साडी आणि गुळगुळीत चप्पल घालून कोणीही तिथं बिचकेल. मग ती म्हणते, ‘मला नाही बाई जमायचं, तुम्ही जाऊन या.’ आपण म्हणतो, तिला हौसच नाही. तिला बूट नाहीत, एवढंच असतं. सहलीच्या खर्चात आईचे बूट हा खर्च पहिला लिहा. माझ्या जावेनं पंजाबी ड्रेस आणि कापडी बूट घातले. नातेवाईकांतून थोडी कुजबूज झाली, ती झालीच.

हंगामाचं थोडक्यात सांगते. मेच्या सुट्टीत लहान मुलांना घेऊन जाऊ नका, खड्ड्यात हवा कोंडते आणि चढताना जीव जातो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत बरं. खाली प्यायचं पाणी मिळेल असं धरून चालू नका, माणशी एक बाटली पाहिजे. वानरं आहेत आणि त्यांना पिशवीत काय आहे ते आपल्याआधी कळतं. अलीकडे सरोवराचं पाणी वाढलेलंही लोकांनी पाहिलंय, तेव्हा कमळजेच्या देवळापर्यंत वाट मोकळी आहे का ते वरच विचारून घ्या. साबण, शाम्पू घेऊन पाण्याकडे जायचं नाही. हे अभयारण्य आहे, आणि २०२० पासून रामसर यादीतलं, म्हणजे जगानं जपायची ठरवलेली पाणथळ जागा आहे. कचरा वर आणायचा, मुलांनाही एकेक पिशवी द्या.

एसटीनं जाणार असाल तर मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं झालं. त्याच्या आधी २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला. पण मी पाहते, निम्म्या भाड्यामुळे बाईचं माहेरी, दवाखान्यात जाणं वाढलं, ते चांगलंच आहे. निव्वळ काहीतरी पाहायला म्हणून निघालेली बाई मात्र एसटीत अजून क्वचित दिसते. वाटेत सिंदखेडराजाला उतरा. लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान. तिथं पोरींना हवं तेवढं हुंदडू द्या.

आता, पिशव्या. आम्ही पाळ्या लावल्या. पहिल्या पाळीत मी, जाऊ आणि तिन्ही मुलं खाली जाणार, आणि नवरा नि दीर वर थांबणार, सासूबाई, पिशव्या आणि जावेचं आठ महिन्यांचं बाळ यांच्यापाशी. आम्ही परत आलो की ते जाणार. ऐकायला किती सोपं आहे! पण हे ठरायला आमच्याकडे दोन संध्याकाळी गेल्या. बाळ रडलं तर? रडेल. भूक लागली तर? अंगावर पाजून जाणार, वाटी-चमच्यानं भरवायला नाचणीची पेज डब्यात आहे. लोक काय म्हणतील? या प्रश्नाला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हतं.

लोकांनी म्हटलंच. बाळ रडायला लागलं तेव्हा दीर त्याला खांद्यावर घेऊन काठावर येरझाऱ्या घालत होता. पाहुण्या बायका थांबून विचारायच्या, ‘अगंबाई, आई कुठंय याची?’ तो सरळ सांगायचा, ‘खाली, सरोवरात.’ ऐकणाऱ्या बायकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे म्हणे. चार-पाच वेळा असं झाल्यावर सासूबाईंनी त्याला नीट शिकवलं, ‘फिरायला गेलीय म्हण रे.’

आम्ही खाली गेलो. झाडीत सावली होती, मोर ओरडत होते. एका मुलानं लोहचुंबक आणलं होतं, ते मातीतून फिरवलं की काळे कण चिकटून यायचे, पोरांचा त्यातच अर्धा तास गेला. पाण्याजवळ वास आलाच, पोरांनी नाकं दाबली. जाऊ एका दगडावर बसली ती बसूनच राहिली. मी म्हटलं, काय गं, दमलीस? म्हणाली, ‘नाही. मला कोणी हाक मारत नाहीये, ते ऐकतेय.’ मैत्रिणींनो, ती रोज पहाटे पाचला उठते. तिनं आराम मागितला तर घरात कोणी नाही म्हणणार नाही, इतकी आमच्या घरातली माणसं चांगली आहेत. पण मागावा लागतो. तिथं तिला तो न मागता अडीच तास मिळाला, कारण वर दोन माणसं तिच्या बाळापाशी होती आणि ती काही तिच्यावर उपकार करत नव्हती, त्यांची पाळी होती.

सासूबाईंचंही सांगते. त्यांना लोणारला यायचंय का, हे आम्ही कोणी विचारलं नव्हतं. त्या येणार आणि वर बसणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांचं माहेर मेहकरकडचं. कालदर्शिकेच्या पानाभोवती सगळे जमले असताना त्या सहज म्हणाल्या, की लहानपणी त्या बैलगाडीतून कमळजेला यायच्या, आणि खाली पाण्याकाठी एका विहिरीचं अर्धं पाणी गोड, अर्धं खारं असं त्यांची आजी दाखवायची. पन्नास-पंचावन्न वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. गुडघ्यांमुळे त्यांना उतरणं शक्य नव्हतं. मग आम्ही बेत बदलला. एक मुक्काम वाढवला, सकाळी धारेवर त्यांच्या मनाजोगती आंघोळ, संध्याकाळी दैत्यसूदनाच्या देवळात त्यांना हवा तेवढा वेळ. वर बसल्या त्या, पण त्यांचं पाहणं पुरं झालं होतं. मुलांना वाटाड्यानं सांगितलं त्यापेक्षा जास्त त्यांनी सांगितलं.

पाळी या शब्दाचा दुसरा अर्थ आपल्याला माहीतच आहे, तर तेही बोलून घेऊ. सहलीत देऊळ असलं की बायका पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतात. औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, ‘मागच्या वेळी वहिनीनं घेतल्या त्याच’ म्हणून. या संप्रेरकाच्या गोळ्या आहेत. ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा, यकृताचा त्रास आहे किंवा होऊन गेलाय, त्यांना त्या धोक्याच्या ठरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. देवळात कोणी जावं यावर कोर्टात पुष्कळ झालंय. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं देवस्थानात जाण्याचा बायकांचा हक्क सरकारनं राखला पाहिजे असं स्पष्ट केलं. पण मी म्हणते, देवळाचं बाजूला ठेवा. सरोवर कोणाला शिवतंय? झाडाला, मोराला, पाण्याला काही विटाळ नाही. गाभाऱ्यात जायचं की नाही ते जिचं तिनं ठरवावं, पण एवढ्यासाठी सबंध सहलीला शरीर वेठीला धरू नका. पिशवीत घड्या असू द्या, वापरलेल्या गुंडाळून परत आणायला कागद असू द्या, आणि मुलगी मोठी होत असेल तर तिलाही हे आधी सांगून ठेवा.

आणि लघवीचं. प्रवासाला निघायचं म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी न पिणाऱ्या किती जणी आहेत इथं? हात वर करू नका, मला माहीत आहे. मुंबईत २०११ पासून बायकांनी स्वच्छतागृहांसाठी ‘राइट टू पी’ नावाची मोहीम चालवली, तेव्हा पुष्कळजण हसले होते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झालेली बाई हसत नाही. नियोजनाच्या कागदावर थांबे लिहा. कुठं थांबणार, किती वाजता, आणि गाडी ठरवली असेल तर चालकाला निघायच्या आधीच सांगा. पुरुषांना हा मुद्दा सुचत नाही, कारण त्यांना सगळा रस्ता मोकळा असतो.

इथवर मी ज्या घराचं सांगितलं तिथं माणसं बोलली तर ऐकणारी होती. सगळ्यांकडे तसं नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विचारलं होतं, की बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर, या तिन्ही ठिकाणी एकटीनं जायला तुम्हाला मुभा आहे का? देशभरात जेमतेम ४२ टक्के बायका हो म्हणाल्या. ज्यांना मुभा नाही त्यांचं काय? आणि टाकलेल्या, विधवा, एकट्या बायका? त्यांच्या मुलांना सहलीला कोण नेणार? ऊसतोडीला जाणाऱ्या बाया तर पाच-सहा जिल्हे पाहून येतात, पण काय पाहिलं विचारलं तर फड आणि कोपी एवढंच सांगतात.

म्हणून आम्ही गटाचीच सहल काढली. बायका आणि मुलं. महिन्याला थोडे थोडे पैसे वेगळे टाकले, वर्षभरात गाडीपुरते झाले. पुरुष नसताना मुलांची काळजी कशी घेणार, असा प्रश्न घरोघर निघाला. रोज कोण घेतं, असं एकीनं उलट विचारलं म्हणे. मोठ्या मुलांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीला एक लहान मूल. पाण्यात उतरायचं नाही हा नियम मुलांनीच एकमेकांना बजावला. डबे नेले नाहीत. गावात पिठलं-भाकरी खाल्ली, आयती, पाटावर बसून. एकजण वाढणाऱ्याला सारखी ‘बसा हो, मी घेते’ म्हणत होती, तिला आम्ही धरून बसवलं.

त्या सहलीत एक झालं ते सांगितलंच पाहिजे. आमच्यातली एक घरी पोचली तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. दार आतून बंद. नवरा म्हणाला, जिथं गेली होतीस तिथंच राहा. बरोबर आठ वर्षांची मुलगी, झोपेनं पेंगलेली. ती पायरीवर बसली. तिनं आम्हाला फोन केला म्हणून कळलं. आम्ही चौघी गेलो, शेजारची दोन माणसं उठवली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी, हे त्याला दारातून वाचून दाखवलं. तासाभरानं कडी निघाली. पुढं संरक्षण अधिकाऱ्याकडे तिनं स्वतः जाऊन नोंद केली. त्याआधी दोन वर्षं ती गटात येत होती आणि ‘आमचं सगळं चांगलंय’ म्हणत होती.

नंतरच्या बैठकीत यावर जोरात वाद झाला. काहीजणींचं म्हणणं, अशा घरच्या बायकांना सहलीला नेऊच नये, आपल्यामुळे तिला त्रास झाला. मला हे मान्य नाही. दार आपण बंद केलं नव्हतं. ते दार रोजच बंद होतं, त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. पण नेणाऱ्यांची जबाबदारी वाढते हे खरं. आता सहलीच्या कागदावर आम्ही एक रकाना जास्त ठेवतो: रात्री प्रत्येकीला घरात कोण पोचवणार आणि ती आत गेल्यावर कोण फोन करणार. अंधार पडायच्या आत परत यायचं असंही काहींनी सुचवलं. मी त्याच्या विरोधात होते, मत पडलं माझ्या विरुद्ध. सध्या आम्ही दिवे लागायच्या सुमाराला परततो.

ती बाई पुढच्या सहलीला आली नाही. मुलगी आली, मावशीबरोबर. तिनं घरी जाऊन आईला चित्र काढून दाखवलं, गुलाबी पाण्याचं. आम्ही गेलो तेव्हा पाणी हिरवं होतं. पण २०२० च्या जूनमध्ये, टाळेबंदीत, ते गुलाबी झालं होतं हे तिनं वाटाड्याकडून ऐकलं होतं. खारटपणा वाढला आणि क्षारात जगणारे सूक्ष्मजीव माजले म्हणून तो रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं. ते दिवस आठवतात ना? सगळं जग घरात, आणि आपण ओट्यापाशी.

तर यंदा डिसेंबरात आम्ही परत निघतोय, आणि या वेळी दुसऱ्या गटांनाही बरोबर घ्यायचं ठरलंय. मुक्काम एक रात्र. ज्यांना खाली उतरायचं नाही त्यांनी तसं आत्ता सांगा, कारण वर थांबणाऱ्यांची संख्या कळली की बाकीच्यांच्या पाळ्या लावता येतात. अंगावर पिणारी मुलं चालतील, त्यांची यादी वेगळी करतोय. पायात काय घालणार ते नावापुढे लिहा. बूट नसतील तर तेही लिहा, चार-पाच जोड आमच्याकडे जमले आहेत. एसटीनं जाऊ, म्हणून मुलांची वयं बरोबर सांगा. पाचच्या पुढं बारापर्यंत अर्धं तिकीट पडतं, आणि वाहकानं विचारलं की पोरं खरं वय सांगून मोकळी होतात. वही मागच्या बाकावर ठेवली आहे.